हिरवी खूण कोणाच्या हाती?

रेपोमध्ये ‘रीडमी’च्या शेजारी आता कोड लिहिणाऱ्या एआय एजंटांसाठीही एक फाइल दिसू लागली आहे. ‘एजंट्स डॉट एमडी’ ही पद्धत २०२५ मध्ये पुढे आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. बिल्ड कसे करायचे, कोणत्या चाचण्या चालवायच्या, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, हे तिच्यात साध्या भाषेत लिहिता येते. सोय चांगली आहे आणि ती प्रत्येक प्रकल्पाने करावी. मात्र सूचना लिहिली म्हणजे नियम लागू झाला, असे कोणी समजू नये. भाषा-मॉडेल सूचना बहुतेक वेळा पाळते. परवाने, गोपनीयता आणि सुरक्षा यांच्या बाबतीत ‘बहुतेक वेळा’ पुरत नाही.

म्हणून जे यंत्राला तपासता येते ते यंत्रानेच, प्रत्येक बदलाच्या वेळी तपासावे. साधने हाताशी आहेत. ‘ओपन पॉलिसी एजंट’मध्ये धोरण कोडच्या रूपात लिहिता येते. ‘ओपनएसएसएफ स्कोअरकार्ड’ मुख्य शाखेला संरक्षण आहे का, डिपेंडन्सींच्या आवृत्त्या पक्क्या केल्या आहेत का, वर्कफ्लोच्या टोकनला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिले आहेत का, हे पाहून ० ते १० गुण देते. आता प्रश्न साधनांचा उरलेला नाही. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात अंतर राखले आहे का, हा खरा प्रश्न आहे.

हे अंतर नसले की पडणारी पहिली फट पाहण्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपच्या ‘रियूज’ नियमावलीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक फाइलचा स्वामित्वहक्क आणि परवाना स्पष्ट नोंदलेला हवा, ही तिची अट. ‘रियूज लिंट’ ही आज्ञा ती तपासते. एजंटाला ‘लिंट पास कर’ एवढेच काम दिले, तर नोंद नसलेल्या प्रत्येक फाइलवर प्रकल्पाचाच परवाना चिकटवून मोकळे होणे हा सर्वांत जवळचा मार्ग. त्यातली एखादी फाइल जीपीएलखालच्या दुसऱ्याच प्रकल्पातून उचललेली असली, तरी लिंट पास होतो. आधी माहिती नव्हती. आता चुकीची माहिती आहे आणि तिच्यावर हिरवी खूण आहे. दोष साधनाचा नाही. नोंद आहे की नाही, एवढेच ते सांगते. ती खरी आहे का, हे फाइल कुठून आली ते माहीत असणाऱ्यालाच सांगता येईल.

दुसरी फट याहून सरळ आहे. गिटहबवर पुल रिक्वेस्टवर चालणारा वर्कफ्लो सहसा त्या रिक्वेस्टमधल्या बदलांसह चालतो. म्हणजे कोड बदलणाऱ्याला त्याच बदलात तपासणीची पायरीही गाळता येते. एजंट हे दुष्टपणाने करत नाही. दिलेले उद्दिष्ट गाठण्याच्या ओघात करू शकतो. चाचणी पास व्हावी म्हणून मॉडेल कधीकधी त्या चाचणीपुरतेच उत्तर लिहून ठेवते, हे अँथ्रोपिकने २०२५ मध्ये क्लॉड ३.७ सॉनेटविषयी स्वतःच नोंदवले होते.

तिसरी फट डिपेंडन्सींची. यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत २०२५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोड-नमुने लिहून घेतले होते. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. ‘रजिस्ट्रीत हे नाव आहे का’ एवढी तपासणी इथे अपुरी पडते, कारण असे नाव आधी नोंदवून त्यात घातक कोड ठेवणे कोणालाही शक्य आहे.

हे सगळे आता टीमच्या अंतर्गत शिस्तीपुरते राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबरसुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीबाबत (एसबीओएम) तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ च्या दुसऱ्या आवृत्तीत एआयच्या घटकसूचीचाही समावेश केला. सेबीच्या २०२४ च्या सायबरसुरक्षा चौकटीतही घटकसूचीची अपेक्षा आहे. युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तिथल्या बाजारासाठी पुण्यात उत्पादन घडवणाऱ्यांनाही त्यांकडे काणाडोळा करता येणार नाही. उद्या एखादा लेखापरीक्षक विचारील तेव्हा ‘एजंटने तपासले होते’ हे उत्तर चालणार नाही.

आमचा आग्रह तीन गोष्टींचा आहे. पहिली, नियम आणि तपासणीच्या फाइली एजंटच्या अधिकाराबाहेर ठेवा. वर्कफ्लो, धोरणे आणि खुद्द एजंटांची सूचना-फाइल यांना ‘कोडओनर्स’ यादीतल्या माणसांची मंजुरी सक्तीची करा; ती यादी मूळ शाखेतून वाचली जात असल्याने पुल रिक्वेस्टमध्ये बदलून टाळता येत नाही. दुसरी, पुरावा प्रक्रियेतून निघू द्या, एजंटकडून लिहून घेऊ नका. घटकसूची बिल्डमधून तयार व्हावी. नवी डिपेंडन्सी मंजूर यादीत नसेल तर पाइपलाइनने तिथेच थांबावे. तिसरी, तपासणी नापास झाली की एजंटला ‘पास कर’ असे सांगू नका. काय नापास झाले आणि का, हे आधी मांडायला लावा. सूट द्यायचीच असेल तर ती माणसाने, कारण आणि मुदत लिहून द्यावी.

लिनक्स कर्नलने या बाबतीत स्वच्छ रेषा आखली आहे. एजंटची मदत घेतली असेल तर तशी नोंद करता येते. मात्र ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ एजंटने घालायची नाही, कारण कोडच्या उगमाची कायदेशीर ग्वाही माणूसच देऊ शकतो. प्रत्येक टीमने ही रेषा आपल्या रेपोत आखावी. ज्याच्या सहीने बदल मर्ज होतो, त्याला समोरच्या प्रत्येक हिरव्या खुणेने काय तपासले आणि काय तपासले नाही, हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर त्याने मर्ज करू नये.