चरबी काढणे वेगळे, चरबी निवणे वेगळे

ऑपरेशन करून बारीक झालेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. लग्नकार्यात नातेवाईक म्हणतात, "चरबी कापून घेतली, त्यात कसलं आलंय कौतुक?" आणि जाहिराती म्हणतात, मधुमेहाला कायमचा रामराम. एकात हेटाळणी आहे, दुसऱ्यात दुकानदारी. समजूत मात्र दोघांचीही एकच: चरबी म्हणजे अंगावरचे मुके ओझे, ते उतरले की मामला संपला. ही समजूतच मुळात चूक आहे.

चरबी मुकी नसते. १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारे प्रथिन तयार होत असल्याचे दाखवले. त्याला आवर घातला की इन्सुलिन पुन्हा नीट लागू पडते, हेही दाखवले. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींची गर्दी सापडली. सडपातळ माणसाच्या चरबीत शंभर पेशींमागे दहाहून कमी असणाऱ्या या पेशी अतिलठ्ठ माणसात चाळिसाच्या घरात जातात. फुगून फुगून मेलेल्या मेदपेशीभोवती त्या कडे करतात आणि रक्तात दाहाचे संदेश सोडत राहतात. ना ताप, ना ठणका. त्यामुळे हे वर्षानुवर्षे कुणाला कळतही नाही.

आता 'कापून घेतली' या टोमण्याकडे येऊ. चरबी खरोखरच काढून टाकली तर काय होते, याचे उत्तर सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने २००४ मध्ये दिले. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शनने ओढून काढली. अडीच-तीन महिन्यांनी पाहिले तर इन्सुलिनचा प्रभाव जिथल्या तिथे, दाह दाखवणारे सीआरपी तेवढेच, रक्तदाब तेवढाच. उरलेल्या चरबीच्या स्वभावात काडीचा फरक नव्हता. उलट वजन उतरवणाऱ्या बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेत सुरी चालते ती जठरावर किंवा आतड्यावर. चरबीला हातही लागत नाही. तरीही पॅरिसमधल्या कारीन क्लेमाँ यांच्या गटाने जठराच्या बायपासनंतर तीन महिन्यांनी त्वचेखालच्या चरबीचे नमुने तपासले, तेव्हा भक्षक पेशी घटलेल्या दिसल्या, त्यांची कडीही विरळ झालेली दिसली. मेदपेशी आकसल्या की त्या कमी मरतात आणि भक्षक पेशींना बोलावणारे संदेश कमी होतात. म्हणजे चरबी कापून जे साधले नाही, ते चरबी न कापता साधले.

"मग पथ्यानेही साधेल की!" हा आक्षेप हेटाळणीपेक्षा वजनदार आहे आणि तत्त्वतः बरोबरही. २०२० मध्ये क्लाइन यांच्याच गटाने पथ्याने आणि बायपासने सारखेच, सुमारे १८ टक्के वजन उतरवलेल्या मधुमेहींची तुलना केली. चयापचयातील सुधारणा जवळजवळ सारखीच निघाली. बायपासमध्ये काही जादू आहे असे म्हणणाऱ्यांना हा फटकाच होता. पण १८ टक्के उतरवणे आणि ते राखणे यांत अंतर आहे. स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत दहा वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन मूळ वजनापेक्षा १६ टक्क्यांनी कमी होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे दीड टक्क्याने वाढले होते. यांना मनोनिग्रह नव्हता असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. त्याने कुणाची साखर उतरत नाही.

जाहिरातवाल्यांना मात्र याच पाहणीतला दुसरा आकडा झोंबेल. मधुमेह नाहीसा झालेले दोन वर्षांनी ७२ टक्के, दहा वर्षांनी ३६. बायपासनंतर साखर काही दिवसांतच उतरते, तिचेही श्रेय चरबीला देता येत नाही. ते घटलेल्या आहाराचे आणि जीएलपी-१ सारख्या आतड्यातल्या संप्रेरकांचे. चरबीचा दाह निवायला महिने लागतात. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ उंदरांत तर मेद विरघळू लागताच भक्षक पेशी आधी वाढतात, मग ओसरतात. आणि निवलेली चरबी नवी कोरी होत नाही. कर्स्टी स्पाल्डिंग यांनी २००८ मध्ये दाखवले की शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही मेदपेशींची संख्या घटत नाही, फक्त त्यांचे आकारमान उतरते. झुरिचच्या एका गटाला २०२४ मध्ये असे आढळले की वजन उतरून दोन वर्षे झालेल्यांच्या चरबीतही अनेक जनुकांचे काम लठ्ठपणातल्यासारखेच चालू राहते. पूर्वी लठ्ठ असलेले उंदीर तर पुन्हा झपाट्याने फुगले. तेव्हा शस्त्रक्रिया हा उपचार आहे, खराखुरा आणि परिणामकारक. पण 'कायमची मुक्ती' ही थाप आहे. ऑपरेशननंतर रुग्णाला वाऱ्यावर सोडणारा सर्जन अर्धेच काम करतो.

राहिला प्रश्न शस्त्रक्रिया कुणाला करायची याचा. वजनकाट्याचे स्तोम माजवणाऱ्यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे उदाहरण पुरे. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या लोकांत कमी वजनातही रोग जडतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय २७.५ वर आणली गेली. आपल्या आरोग्य विम्याची प्रमाणित अट मात्र ४० ची. गंभीर सहव्याधी असेल तर ३५ ची. बीएमआय ३५ च्या आत असलेल्या, साखर कशालाच दाद देत नसलेल्या रुग्णाने पैसे मागितले, तर विमा कंपनी त्याला नियमावर बोट ठेवून परत पाठवते. त्याच्या चरबीत काय चालले आहे, हा प्रश्न त्या अर्जात कुठेच नसतो.