कपाशीच्या शेतातील युद्धविष

महागावच्या कृषी केंद्रात जाऊन कोणी ‘विष द्या’ असे म्हणत नाही. ‘औषध द्या’ असेच म्हणतात. या औषधाचे कुळ कोणते, हे ना विकणारा सांगतो, ना बाटलीवरची बारीक अक्षरे. ते कुळ रणांगणावरचे आहे.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र नगराजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. देखरेख होती थोर रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांची. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे हिंदी जवान, अंगावर धड मुखवटाही नसताना, त्याच आघाडीवर विषारी वायूसमोर लोटले गेले. वास्तविक १८९९ च्या हेग घोषणापत्राने गुदमरविणारे वायू पसरविणारे गोळे निषिद्ध ठरविले होते. आम्ही गोळे डागलेच नाहीत, केवळ तोट्या उघडल्या, असा बचाव जर्मनीकडून झाला! संतापलेल्या ब्रिटनने काय केले? सप्टेंबरात लूस येथे स्वतःच क्लोरीन सोडला. जगाला सभ्यतेचे धडे देणाऱ्यांची ही सभ्यता. हाबर यांना पुढे १९१८ चे नोबेल मिळाले. ते अमोनियाच्या संशोधनासाठी होते हे खरे, पण ईप्रचा डाग त्याच्या आड आला नाही.

क्लोरीन निदान डोळ्यांना दिसत होता. त्याहून भयंकर वायू जन्मला तो कीटकांच्या निमित्ताने. १९३६ च्या अखेरीस गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनतज्ज्ञ पिकांवरील किडीचे औषध शोधत असता त्याच्या हाती ‘टॅबून’ लागला. १९३८ साली ‘सरीन’ आला. युद्ध संपले आणि याच संशोधनातून पॅराथिऑन शेतात उतरले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्याच सेंद्रिय फॉस्फरस गोत्रातली. तीव्रता कमी, मारण्याची रीत तीच: मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे कोलिनेस्टरेझ नावाचे विकर ती निकामी करतात. बाहुल्या आक्रसतात, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. उताराही एकच, अॅट्रोपिन; सैनिकाला तोच, शेतमजुरालाही तोच.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली. फवारा खालच्या पानांवर नव्हे, फवारणाऱ्याच्या नाकातोंडावर पडू लागला. काही महिन्यांत वीसहून अधिक माणसे दगावली, आठशेंच्या आसपास रुग्णालयात गेली, कित्येकांची दृष्टी अधू झाली. सारीच औषधे फॉस्फरस गोत्रातली नव्हती. दोनतीन एकत्र कालवून मारण्याचा सल्ला तर दुकानातूनच मिळत असे. रक्तातील कोलिनेस्टरेझ तपासण्याची सोय यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तेव्हा नव्हती. विष कोणते हे न कळताच डॉक्टर झुंजत होते. शासनाने विशेष तपास पथक नेमले, पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. साठ दिवस! तोवर हंगामच सरला.

आणि उत्पादकांचा बचाव? मजुरांनी हातमोजे, मुखवटे वापरले नाहीत. सूचना तर बाटलीवर लिहिलेली होती. हा ईप्रच्या तोट्यांचाच युक्तिवाद नव्हे काय? आश्विनातल्या उन्हात, रोजंदारीवर, पाठीवर पंप घेऊन चिखलात चालणाऱ्याला रबरी पोशाख कोणी दिला? तोंडाला दुपट्टा बांधतो तो; १९१५ साली सैनिकांनी ओले फडके बांधले, तितकाच त्याचा उपयोग.

भारताने रासायनिक अस्त्रबंदीचा करार पाळून २००९ साली आपला सारा अस्त्रसाठा नष्ट केला. याचा अभिमान रास्तच. परंतु युरोपने आपल्या शेतातून हद्दपार केलेल्या मोनोक्रोटोफॉसची गच्छंती करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडले. २०१३ साली बिहारमध्ये मध्यान्ह भोजनातून याच विषाने तेवीस बालके गेली, तरी दहा वर्षे लागली.

फवारणीचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. तो येण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात कोलिनेस्टरेझची चाचणी आणि अॅट्रोपिनचा साठा आहे की नाही, हे महागाव, आर्णी, घाटंजीच्या ग्रामसभांनी लेखी विचारावे. आणि संरक्षक पोशाखाची किंमत बाटलीच्या किमतीत, कंपनीच्या खिशातून वसूल व्हावी.