कचऱ्याच्या यादीत आहे, दुरुस्तीच्या यादीत नाही

केंद्र सरकारचे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. हे नियम कोणत्या वस्तूंना लागू आहेत, याची लांबलचक यादी त्यांना जोडलेली आहे आणि तिच्यात खेळण्यांच्या गटात विजेवर चालणाऱ्या आगगाड्याही आहेत. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये, ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. खेळणी त्यांत नाहीत. छोटी आगगाडी कचरा झाल्यावर तिचे काय करायचे, हे त्यामुळे ठरले आहे. ती कचरा होऊच नये म्हणून कंपनीने काय द्यावे, हे मात्र ठरलेले नाही.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या लायोनेलसारख्या कंपन्या इंजिनात साउंड बोर्ड बसवू लागल्या. शिट्टी, घंटा आणि वाफेचे फुसकारे त्यातल्या चिपमध्ये साठवलेले असतात. आपल्या शेजारी मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये थांबले. असे आवाज आता प्रत्यक्ष ऐकायला मिळणे दुर्मीळ झाले आहे. म्हणून जुन्या बोर्डातली चिप हा एक छोटासा दस्तऐवजच आहे, असे आमचे मत आहे.

गाडी मुकी झाली की बहुतेकांना वाटते, बोर्डाची प्लेट जळाली. पुष्कळदा ती जळलेली नसते. लायोनेलच्या कित्येक जुन्या इंजिनांत नऊ व्होल्टची बॅटरी असते. गाडीची दिशा बदलताना रुळांतला पुरवठा क्षणभर तुटतो, तेवढा वेळ ही बॅटरी आवाज धरून ठेवते. ती संपली की आवाज मध्येच तुटतो आणि दोष मात्र बोर्डाच्या माथी येतो. म्हणून आधी बॅटरी, मग रूळ-चाकांवरचा मळ, मग स्पीकर. स्पीकरच्या तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की ‘टक्’ ऐकू यायला हवे. ते आले नाही, तर स्पीकरच गेला आहे.

कोणता आवाज जिवंत आहे, यावरूनही बरेच कळते. शिट्टी वाजते पण फुसकारे येत नसतील, तर चिप आणि अॅम्प्लिफायर ठीक आहेत. बिघाड बहुधा चाकाजवळच्या स्विचमध्ये असतो. दोन सिलिंडरचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे टाकते आणि त्यांचा ताल हा स्विच चाकाशी जुळवतो. काहीच वाजत नसेल, तर पुरवठ्याकडे वळावे: ब्रिज रेक्टिफायर, मग रेग्युलेटर. पाच व्होल्टच्या रेग्युलेटरमधून पाच व्होल्ट येत नसतील, तर पुढची चिप बदलून उपयोग नाही. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, बोर्ड वाचतो.

सर्वांत जास्त दगा देतो तो कंडेन्सर. आतला द्रव वर्षांनुवर्षे सुकत जातो, आवाजात गुणगुण येते, बोर्ड अडखळून पुन्हा सुरू होतो. तो बदलताना एक हिशेब ध्यानात ठेवायला हवा. रुळांवर १८ व्होल्ट एसी असेल, तर त्याचे शिखर २५ व्होल्टच्या थोडे वर जाते. त्यामुळे पुरवठ्यावर २५ व्होल्टचा कंडेन्सर अगदी काठावर पडतो. तिथे ३५ व्होल्टचा घालावा. अधिक-उणे उलटे लागले तर तो फुटतो.

हे सगळे सुधारता येते. पुसली गेलेली चिप मात्र नुसत्या झाळकामाने परत बोलत नाही. जुन्या ईप्रॉमला काचेची खिडकी असते, तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. तो काढून टाकला आणि अतिनील प्रकाश आत गेला, की साठवलेले पुसले जाते. त्यामुळे डाग मारायला बसण्याआधी चिप प्रोग्रामरवर वाचून तिची प्रत संगणकावर ठेवणे, हे पहिले काम. घाईत नेमके हेच राहून जाते.

मेहकर तालुक्यातून रेल्वे जात नाही, पण या दुरुस्तीला लागणारे हात तालुक्याच्या गावांत आहेत. लग्नमंडपातला अॅम्प्लिफायर, टीव्ही, पंपाचा स्टार्टर उघडणाऱ्या कारागिराला कंडेन्सर, रेग्युलेटर आणि ड्राय सोल्डर यांची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्याकडे नसतो तो सर्किटचा नकाशा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यातल्या प्रात्यक्षिकांत असा एखादा बोर्ड यावा, कारण पुरवठा, स्मृती, अॅम्प्लिफायर आणि सेन्सर हे सारे त्या एका तळहाताएवढ्या प्लेटवर शिकता येते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. एका माणसाच्या छंदातून सार्वजनिक संस्था उभी राहते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

सरकारने दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत विजेवरची खेळणी घालावीत. ज्या बोर्डांचे उत्पादन थांबले आहे, त्यांचा सर्किटचा नकाशा, सुट्या भागांची यादी आणि चिपमधल्या आवाजांची फाइल कंपन्यांनी खुली करावी. जी वस्तू त्या आता विकतच नाहीत, तिची माहिती झाकून ठेवण्यात त्यांचा काही लाभ आम्हाला दिसत नाही.