प्रश्न ठरवतानाच शेतकरी हवा

विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या परस्परसंबंधांवर विचार करणारे आंतरराष्ट्रीय मंच आता नवे राहिलेले नाहीत. जपानमधील क्योटो येथे २००४ पासून भरणाऱ्या अशाच एका वार्षिक मंचाने विज्ञानाचा प्रकाश आणि त्याची सावली या दोहोंची चर्चा हे आपले सूत्र मानले आहे. तेथे प्रामुख्याने शास्त्रज्ञ, धोरणकर्ते आणि उद्योगप्रमुख एकत्र येतात. भारतातही बंगळूरसारख्या शहरात अशा परिषदा वरचेवर होत असतात आणि कृषी संशोधन संस्थांचे प्रतिनिधी त्यांत आवर्जून सहभागी होतात. हा सहभाग स्वागतार्हच आहे. मात्र ‘समाज’ या शब्दात कोण कोण येते आणि त्याला बोलावण्याची वेळ कोणती, हे दोन प्रश्न शेतीच्या दृष्टीने कळीचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी क्योटोपर्यंत जाण्याची गरज नाही. बंगळूरचाच अनुभव पुरेसा बोलका आहे.

६ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूर येथे बीटी वांग्यासंबंधीची जाहीर सुनावणी झाली. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी देशातील सात शहरांत घेतलेल्या सुनावण्यांपैकी ती शेवटची होती. या सात शहरांत नागपूरचाही समावेश होता. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीला प्रतिकारक असे हे वांगे जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केले होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, बियाणे उद्योग आणि स्वयंसेवी संस्था एकाच सभागृहात समोरासमोर आल्या. वातावरण तापले, घोषणाही झाल्या. तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती जाहीर झाली. पुढे बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याच तंत्रज्ञानाला परवानगी दिली आणि २०१४ पासून तेथील शेतकरी ते वांगे पिकवू लागले.

स्थगिती योग्य होती की अयोग्य, याविषयी कीटकशास्त्रज्ञांतही एकमत नाही. परंतु त्या सुनावणीतील मूळ उणीव त्या वादात झाकली गेली. जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी या वाणाला मान्यता दिली होती आणि समाजाचे म्हणणे ऐकण्यास सुरुवात झाली ती त्यानंतर, जानेवारी २०१० मध्ये. म्हणजे संशोधनाची दिशा, वाणांची निवड, चाचण्यांची आखणी हे सर्व पूर्ण झाल्यावर शेतकऱ्याला दार उघडले गेले. इतक्या उशिरा आलेल्या माणसाच्या हाती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे दोनच शब्द उरतात. ‘असे करून पाहा’ म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते.

या उशिराची किंमत महाराष्ट्राने कपाशीत मोजली आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय ओळी लावण्याची अट होती. बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर निर्माण होऊ नये, हा त्यामागचा शास्त्रीय विचार निर्दोष होता. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जाई. ते पाकीट अनेकांच्या घरी न फोडताच पडून राहिले. दोन-तीन एकरांचा कोरडवाहू धनी आपल्या रानातील काही ओळी अळीला मोकळ्या ठेवील, ही अपेक्षाच अवघड होती. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आणावी लागली. हा साधा तोडगा प्रारंभीच्या चर्चेत एखाद्या कापूस उत्पादकाला किंवा कृषी सहायकाला विचारले असते, तर त्याच वेळी पुढे येऊ शकला असता. दरम्यान गुलाबी बोंडअळीने प्रतिकार कमावला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. आश्रय ओळींचा अभाव हे त्यामागचे एकमेव कारण नव्हे. लांबलेला हंगाम, फरदड आणि असंख्य संकरित वाणांची सरमिसळ हीही कारणे होती. तथापि यांतील प्रत्येक कारण शेतकऱ्याच्या निर्णयाशी जोडलेले आहे, हे विसरता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. विज्ञानाचे निर्णय बहुमताने होत नाहीत. एखादे प्रथिन विषारी आहे की नाही, हे सभागृहातील टाळ्या ठरवू शकत नाहीत. हे पूर्णतः मान्य करावयास हवे. सुरक्षिततेचा निवाडा प्रयोगानेच व्हावा. परंतु तंत्रज्ञान शेतात कसे वापरले जाईल, त्याला किती मजूर लागतील, बियाणे राखता येईल का, ते फसले तर तोटा कोण सोसणार, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. या प्रश्नांचा तज्ज्ञ शेतकरीच आहे. त्याला मतदार मानण्यापेक्षा जाणकार मानणे विज्ञानाच्या अधिक हिताचे आहे.

बंगळूरनेच दुसरे, अधिक आश्वासक उदाहरणही दिले आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील मूळचा पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळला आणि पपईबरोबरच तुती व टॅपिओकावरही पसरला. कीटकनाशकांच्या फवारण्यांना तो दाद देईना. त्यावेळी बंगळूरच्या हेब्बाळ येथील राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सहकार्याने २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून तीन परोपजीवी मित्रकीटक आणले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी हा सर्वांत प्रभावी ठरला. त्याच्या प्रसारणानंतर कीड झपाट्याने आटोक्यात आली आणि महाराष्ट्रातील पपई उत्पादकांनाही या मित्रकीटकाचा लाभ झाला. येथे प्रश्न बागेतून आला होता, उत्तर आंतरराष्ट्रीय सहकार्यातून मिळाले आणि ते टिकवण्याची जबाबदारी, म्हणजे अनावश्यक फवारणी टाळून मित्रकीटकांना जगू देण्याची, बागायतदाराने उचलली. विज्ञान आणि समाज यांचा संवाद म्हणतात तो हाच.

जानेवारी २०२० मध्ये बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात १०७ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. ‘विज्ञान व तंत्रज्ञान : ग्रामीण विकास’ हा तिचा विषय होता आणि त्यात प्रथमच शेतकऱ्यांची विज्ञान काँग्रेस आयोजित झाली. हे पाऊल महत्त्वाचे होते. आता पुढचे पाऊल असे हवे की, शेतकऱ्यांसाठी वेगळा मंडप न घालता शास्त्रज्ञांच्या मुख्य सत्रातच त्यांना, दुभाष्यासह, स्थान मिळावे. वेगळ्या मंडपात सन्मान होतो, पण संशोधनाची दिशा मुख्य सत्रात ठरते.

अशा मंचांपुढे नेण्याजोगे प्रश्न महाराष्ट्राकडे भरपूर आहेत. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, अंगभर संरक्षक पोशाख घालून माणूस किती वेळ काम करू शकतो, हा कोणत्याही आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर शोभेल असा संशोधनाचा प्रश्न आहे. मे २०१८ मध्ये शिवमोगा येथे मक्यावर प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. पोंग्यात दडलेल्या त्या अळीपर्यंत औषध पोहोचवण्याची मेहनत आणि खर्च अल्पभूधारकाला परवडतो का, हा दुसरा प्रश्न.

हे प्रश्न तेथवर जावेत यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. परिषदेला निघणाऱ्या प्रतिनिधीने किमान एका कृषी विज्ञान केंद्राच्या सल्लागार समितीकडून किंवा चालू शेतीशाळेतून चार प्रश्न लेखी घ्यावेत. परतल्यावर महिन्याभरात दोन पानांचे मराठी टिपण त्याच गटाला द्यावे : कोणता प्रश्न मांडला, काय उत्तर मिळाले, त्यातील काय आपल्या हवामानात तपासून पाहण्याजोगे आहे आणि कशाला उत्तरच मिळाले नाही. प्रवासखर्चाची मंजुरी या टिपणाशी जोडता येईल. विस्तार कार्यकर्त्यांनीही हे टिपण हक्काने मागावे, आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी प्रश्न विचारताना आपल्या नोंदवहीचा आधार द्यावा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडल्याची नोंद ही ‘यंदा बोंडअळी फार आहे’ या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार ठरते.

पेरणी झाल्यावर बियाण्याची निवड करता येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संशोधनाचेही तसेच आहे. त्याची पेरणी प्रश्न ठरवताना होते, आणि शेतकरी त्या वेळी हजर असला पाहिजे.