खोट्या दागिन्यांची निगा

१४ एप्रिलला घातलेली माळ पुढच्या मंगल परिणयापर्यंत काळी पडते, ही भगिनींची नेहमीची तक्रार. आत पितळ किंवा तांबे, वर सोन्याचे नुसते पाणी. घामाने, अत्तराने ते उतरते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना कथलाचे दागिने टाकायला लावले. घालायचा तर सोन्याचाच घाला, म्हणाले. हे आठवले की आम्ही ओशाळतो. पण सोने मुलांच्या फीसाठी मोडले, त्याचे दुःख नाही.

तर, पावडर-अत्तर आटोपल्यावर दागिना शेवटी घालावा, घरी येताच आधी काढावा. कोरड्या सुती कापडाने पुसून, खडूचा तुकडा टाकून, घट्ट झाकणाच्या डबीत वेगवेगळा ठेवावा. चिंच-राखेने मात्र कधीच घासू नये, आमच्या बांगड्या तशाच गेल्या!