पाणी डोंगराचं, टंचाईही डोंगरालाच!

अकोले : रतनगडावर प्रवरा उगम पावते, हरिश्चंद्रगडावर मुळा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदरा भरतं आणि खालच्या तालुक्यांचा जीव भांड्यात पडतो. पण उन्हाळा लागला की याच डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर बायाबापड्यांची हंडे घेऊन पायपीट सुरू होते.

कारण साधं आहे. काळा कातळ, उभा उतार. पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. धरण खाली, वस्ती वर. आवर्तनाचं भांडण दरवर्षी गाजतं, पण हिशेब धरणाच्या भिंतीपासूनच सुरू होतो. माती धरून ठेवणारं वरचं जंगल उजाड झालं तर धरणात पाण्याआधी गाळ येईल. त्यामुळे झरे, टाकी आणि छोटे बंधारे यांना पहिला निधी हवा. डोंगर तहानलेला ठेवून खालचे मळे किती दिवस हिरवे राहणार?