कर्णधार पुण्याची, किक ओडिशाची, वाशीमचे काय?

जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिला रग्बी संघाने सिंगापूरवर २१-१९ अशी निसटती मात केली. पंधरा जणींच्या रग्बीतील भारतीय महिलांचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय होता. संघाची कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक सुरू असल्याने देशाचे लक्ष साहजिकच तिकडे लागलेले होते.

भरुचाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द २००९ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी भारताचा पहिला महिला संघ मैदानात उतरला, तो सात जणींच्या, अवघ्या चौदा मिनिटांच्या रग्बीसाठी. ऐंशी मिनिटांचा पूर्ण सामना खेळण्याची संधी भारतीय महिलांना मिळाली ती २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षे म्हणजे कोणत्याही खेळाडूच्या उमेदीचा काळ. भरुचा पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण, पेसा आणि शहरातील क्लब हे तिन्ही आधार हाताशी असल्यानेच हा दीर्घ काळ निभावता आला, असे म्हणावे लागेल.

मनिलाच्या सामन्याला मात्र आणखी एक बाजू आहे. अखेरच्या क्षणी पेनल्टी किकवर निर्णायक गुण मिळवले ते सुमित्रा नायकने. ती भुवनेश्वर येथील आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत, कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये घडली. याच संस्थेच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनमधील शालेय स्पर्धा जिंकली होती. शहरी क्लबची जागा तेथे वसतिगृहाने घेतली. जेवण, मैदान आणि प्रशिक्षक एकाच आवारात असल्यावर खेळासाठी वेगळा खर्च उरतो तो चेंडूचा!

वाशीमच्या दृष्टीने मोलाचा आहे तो हा दुसरा मार्ग. अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. योगायोगाने भारताच्या पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही त्याच वर्षी खेळला. पुढे २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव आले. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील मुलीला पुण्याच्या क्लबमध्ये रोज सरावाला जाणे अशक्यच. कबड्डीतील पकड मात्र तिला परकी नाही आणि रग्बीतील टॅकल त्याच जातकुळीचा आहे.

राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. ते पदक मिळवलेल्यांसाठी. त्याआधीची आठ-दहा वर्षे कोणी सांभाळायची, याचे उत्तर शासनाकडे नाही. ओडिशात ते एका शाळेने दिले. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या निवासी शाळेने मैदान आखून प्रशिक्षक नेमला, तरी संघ उभा राहू शकतो. खरी अडचण पुढेच आहे. खेळायला दुसरा संघ हवा आणि तो शेजारच्या अकोला-यवतमाळातही उभा करावा लागेल.